डेरिव्हेटिव्ह शिकवताना आधी नियम की आधी अर्थ?

कोथरूडचा_मामा

भाचा बारावी सायन्सला आहे. रविवारी माझ्याकडे गणिताची वही घेऊन येतो. पोरगा हुशार आहे, सूत्रांचा तक्ता झोपेतून उठवून विचारला तरी घडाघडा म्हणेल. पण परवा मी विचारलं, "इथे प्रॉडक्ट रूल का लावलास?" तर म्हणाला, "क्लासमध्ये या टाइपला तोच लावतात." आणि पुढच्या धड्यातली शाब्दिक उदाहरणं आली की पेन खाली.

आपल्या बोर्डात अकरावीला लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्शिएशनची (म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढण्याची) ओळख होते. बारावीच्या दुसऱ्या भागात पुन्हा डिफरन्शिएशन आणि त्याला लागूनच त्याची ॲप्लिकेशन्स. क्रम चांगला आहे. पण अकरावीचं वर्ष सगळेच अर्ध्यावर सोडतात, त्यामुळे बारावीत मुलाच्या हातात थेट तक्ताच पडतो.

माझं मत स्पष्ट आहे. डेरिव्हेटिव्ह म्हणजे आलेखाचा एका बिंदूपाशी असलेला चढ, किंवा एका क्षणाचा वेग, हे डोक्यात बसल्याशिवाय तक्ता देऊच नये. बहीण म्हणते, असं करत बसलास तर सीईटी निघून जाईल. इथे शिकवणारे आहेत, रोज वापरणारे आहेत. तुमचा अनुभव काय?

(टायपिंगच्या सोयीसाठी एक्सला क्ष आणि वायला य लिहू या.)

घड्याळ_लावून

तुमच्या बहिणीला +१. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. तिथे चढाचा अर्थ आठवत बसलो तर बाकीचे प्रश्न कोण सोडवणार? मी स्वतः यंदा देतोय. आधी हात बसू दे, अर्थ इंजिनिअरिंगला गेल्यावर बघू.

पुरावा_द्या

इंजिनिअरिंगला गेल्यावर कोणी बघत नाही हो. तिथे पहिल्याच सेमिस्टरला प्राध्यापक म्हणतात, हे तुम्हाला बारावीला झालंय.

निवृत्त_गणितवाली

मामा, नियम आणि अर्थ यांच्या मध्ये एक पायरी आहे आणि तुमचा भाचा तिथे अडलाय. समोरचं फंक्शन वाचायला त्याला कोणी शिकवलेलं नाही.

मी फळ्यावर फंक्शन लिहायचे आणि मुलांना विचारायचे: समजा क्षच्या जागी ३ टाकून याची किंमत काढायची आहे, तर सगळ्यात शेवटी कोणती क्रिया कराल? ती शेवटची क्रियाच नियम ठरवते.

क्ष² × साइन(३क्ष + १) घ्या. क्षचा वर्ग काढला, साइन काढला, आणि शेवटी दोघांचा गुणाकार केला. म्हणून सुरुवात प्रॉडक्ट रूलने (पहिल्याचा डेरिव्हेटिव्ह गुणिले दुसरं, अधिक पहिलं गुणिले दुसऱ्याचा डेरिव्हेटिव्ह). त्यातला साइनचा भाग हातात आला की पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. तिथे शेवटची क्रिया साइन, म्हणून चेन रूल (बाहेरच्याचा डेरिव्हेटिव्ह गुणिले आतल्याचा), आणि आतून ३ बाहेर येतो. उत्तर: २क्ष साइन(३क्ष + १) + ३क्ष² कॉस(३क्ष + १).

आता साइन(क्ष²(३क्ष + १)) घ्या. सामग्री तीच, पण शेवटची क्रिया साइन आहे. म्हणून सुरुवात चेन रूलने आणि गुणाकाराचा नंबर नंतर. ज्याला हा फरक दिसला त्याला "टाइप" पाठ करावे लागत नाहीत.

दुसरी सवय म्हणजे पेन टेकवण्याआधी फंक्शन सोपं होतंय का ते बघणं. ५ ÷ (क्ष² + १)³ दिसलं की मुलं लगेच क्वोशंट रूल (भागाकाराचा नियम) काढतात. त्याला ५(क्ष² + १) चा उणे तिसरा घात असं लिहा, एका ओळीत −३०क्ष ÷ (क्ष² + १)⁴ मिळतं. वर्गमुळाच्या आत गुणाकार-भागाकारांची गर्दी असेल तर आधी दोन्हीकडे लॉग घ्या. गुणाकाराची बेरीज होते, भागाकाराची वजाबाकी होते, मुळाचा नुसता अर्धा होतो. मग डिफरन्शिएट करायला काही उरतच नाही.

@घड्याळ_लावून, बाळा, ही सवय लागली की तुझा वेळ वाचतो. परीक्षेच्या दृष्टीनेही हाच रस्ता जवळचा आहे.

घड्याळ_लावून

मॅडम, शेवटच्या क्रियेचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. आत्ता वहीतली दहा-बारा गणितं त्या नजरेने बघितली. पटलं.

अनघा_सिंहगडरोड

काय सुंदर प्रतिसाद! वाचनखूण साठवली.

मॅडमच्या पद्धतीत एक फंक्शन मुद्दाम टाकून बघण्यासारखं आहे: क्ष चा क्ष घात. इथे शेवटची क्रिया घात, पण पायाही बदलतोय आणि घातांकही. काही मुलं घातांक स्थिर धरतात आणि पॉवर रूल लावतात: क्ष गुणिले क्षचा (क्ष − १) घात, म्हणजे पुन्हा क्ष^क्ष. काही मुलं पाया स्थिर धरतात: क्ष^क्ष × लॉग क्ष. दोन्ही उत्तरं चूक. आता या दोन चुकीच्या उत्तरांची बेरीज करा: क्ष^क्ष (१ + लॉग क्ष). हे बरोबर उत्तर आहे! लॉग घेऊन सोडवलं तरी हेच येतं.

हा योगायोग नाही. क्ष दोन जागी बसलाय, एकेका जागेचा परिणाम दुसरी जागा गोठवून मोजायचा आणि मग दोन्ही परिणाम जोडायचे. प्रॉडक्ट रूलमध्येही नेमकं हेच चालतं. कॉलेजात पार्शल डेरिव्हेटिव्ह आले तेव्हा हे दिसलं आणि मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटले होते.

पुरावा_द्या

प्रॉडक्ट रूलवरून आठवलं. "दोघांचे डेरिव्हेटिव्ह काढा आणि गुणा" ही चूक जगभरातली मुलं करतात. लाइबनिट्झच्या नोव्हेंबर १६७५ च्या टिपणातही हा प्रश्न आहे की गुणाकाराचं डिफरन्शियल म्हणजे डिफरन्शियलांचा गुणाकार का, आणि तसं नाही हे त्यानेच दाखवलं. छापील लेख १६८४ चा. मुलांना सांगा की क्ष × क्ष वर करून बघा. चुकीच्या नियमाने १ येतो, खरं उत्तर २क्ष.

याहून चांगलं म्हणजे आयत काढून दाखवा. लांबी थोडी वाढली की एका कडेला पट्टी वाढते, रुंदी थोडी वाढली की दुसऱ्या कडेला. क्षेत्रफळात भर पडते ती या दोन पट्ट्यांची. कोपऱ्यातला बारका चौकोन इतका लहान की लिमिटमध्ये तो गळून जातो. सूत्रात दोनच पदं का, हे चित्रात दिसतं.

रेडियन

अर्थ नसला की काय होतं त्याचं एक उदाहरण. साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस, हे सगळ्यांना पाठ. पण ते फक्त कोन रेडियनमध्ये असेल तरच खरं. अंशांत मोजलं तर पुढे पाय (π) भागिले १८० येतो. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून साइन १ काढा, ०.०१७४५ येईल. म्हणजे शून्यापाशी चढ १ नाही, साधारण ०.०१७४५ आहे, आणि पाय भागिले १८० म्हणजे हाच आकडा. रेडियन कशाला शोधले म्हणून कुरकुरणाऱ्या मुलांना एवढंच दाखवावं.

घाटमाथा

ॲप्लिकेशन्सच्या धड्यात रोल आणि लॅग्रांजची प्रमेयं असतात (रोलचं म्हणजे दोन्ही टोकांना किंमत सारखी असेल तर मध्ये कुठेतरी चढ शून्य) आणि मुलांना ती सगळ्यात निरुपयोगी वाटतात. मी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेने जाता-येता मुलीला लॅग्रांज समजावलं. समजा दोन कॅमेऱ्यांमध्ये १० किलोमीटर अंतर आहे आणि गाडीने ते ५ मिनिटांत कापलं. सरासरी वेग ताशी १२०. प्रमेय सांगतं की मधल्या कुठल्या तरी क्षणी स्पीडोमीटरचा काटा नेमका १२० वर होताच. कॅमेऱ्यासमोर तुम्ही कितीही सभ्यपणे ब्रेक मारा, मर्यादा १०० ची असेल तर ती तुम्ही मोडलीच. कोणी पाहिलं नसलं तरी सिद्ध होतं!

हिंजवडी_फेज_तीन

आमच्याकडे संध्याकाळी सहाला पुलाखाली सरासरी वेग शून्य असतो. तिथे लॅग्रांज आणि रोल दोघंही एकाच रांगेत उभे.

घाटमाथा

=)) =))

पाटणादेवी

क्षणाच्या वेगाची गोष्ट निघालीच आहे तर भास्कराचार्यांचं नाव घ्यायला हवं. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहाची तात्कालिक गती काढली आहे, आणि ज्येतला सूक्ष्म फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो हेही त्यात आहे. म्हणजे साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस, न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी. आणि हे आपल्याकडचं आहे. त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत तरी यावं.

पुरावा_द्या

यावंच. फक्त "कॅल्क्युलस भारतात लागला" असं लिहू नये. तुम्ही सांगितलेलं ज्येचं आणि ग्रहगतीचं काम अस्सल आहे. पण कुठलंही फंक्शन दिलं तरी चालेल असे सर्वसाधारण नियम आणि डिफरन्शिएशन व इंटिग्रेशन एकमेकांच्या उलट असल्याची पद्धतशीर मांडणी सतराव्या शतकातली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी अभिमानाने सांगता येतात.

पाटणादेवी

मान्य. माझाही आग्रह तेवढाच आहे. मामा, भाच्याला रस वाटला तर एरंडवण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेलं. तिथे एकदा घेऊन जा.

बोहरी_आळी

आमचं पॅकिंगचं दुकान आहे. पुठ्ठ्याच्या चार कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापून उघडा डबा करायचा आणि त्यात जास्तीत जास्त माल मावला पाहिजे, हे पुस्तकातलं गणित आमच्या टेबलावर खरोखर होतं. पुतणीला मी १६ बाय १० इंचाचे पुठ्ठे आणि कटर दिला. १ इंचाचा कोपरा कापला तर डबा १४ × ८ × १, म्हणजे ११२ घन इंच. दीड इंच कापला तर १३६.५. दोन इंचांना १२ × ६ × २ म्हणजे १४४. अडीचला १३७.५ आणि तीनला पुन्हा खाली, १२०. पोरीने डबे ओळीत मांडले आणि स्वतःच म्हणाली, दोनच्या आसपास काहीतरी आहे.

मग तिला डेरिव्हेटिव्ह काढायला सांगितला. घनफळ ४क्ष³ − ५२क्ष² + १६०क्ष, डेरिव्हेटिव्ह १२क्ष² − १०४क्ष + १६०, आणि त्याचे अवयव ४(३क्ष − २०)(क्ष − २). एक उत्तर २, दुसरं २० भागिले ३, म्हणजे साडेसहाच्या वर. दुसरं का सोडायचं? पुस्तक म्हणतं "शक्य नाही". तिने पुठ्ठा समोर धरला आणि म्हणाली, रुंदीच १० आहे, दोन्हीकडून साडेसहा कापणार कुठून? ते उत्तर का बाद होतं ते तिला कळलं.

कोथरूडचा_मामा

बोहरी आळीकर, हा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावणार आहे. मी म्हणतो तो अर्थ हाच.

चाकण_स्टोअर्स

आता आमचा नंबर. सुट्या भागांच्या स्टोअरला एका खेपेत किती माल मागवायचा, हा रोजचा प्रश्न. थोडा थोडा मागवला तर ऑर्डरचा खर्च वाढतो, एकदम मागवला तर साठ्यात पैसा अडकतो. दोन्हींची बेरीज कमीत कमी करायची. फोर्ड हॅरिसने हे सूत्र १९१३ साली मांडलं, आणि त्याच्या मुळाशी बारावीचाच डेरिव्हेटिव्ह आहे.

आकडे घेऊ. वर्षाला १२,००० नग लागतात, दर ऑर्डरला ६०० रुपये खर्च, एक नग वर्षभर ठेवायला १० रुपये. खेपेला क्ष नग मागवले तर ऑर्डरचा खर्च ७२,००,००० ÷ क्ष आणि सरासरी साठ्याचा ५क्ष. बेरजेचा डेरिव्हेटिव्ह शून्य केला की क्ष = १२००. दोन्ही खर्च ६०००-६०००, एकूण १२,०००.

पण मला आवडतो तो पुढचा भाग. समजा खोक्याचा आकार असा आहे की १५०० च मागवावे लागतात. खर्च होतो १२,३००. नग पंचवीस टक्के जास्त, पण खर्च फक्त अडीच टक्के जास्त! किमान बिंदूपाशी चढ शून्य असतो, म्हणून आजूबाजूला थोडं सरकलं तरी फारसं बिघडत नाही. नव्या मुलांना वाटतं १२०० म्हणजे १२०० च. डेरिव्हेटिव्ह शून्य आहे याचा अर्थ कळला की खरेदी विभागाशी भांडणं कमी होतात.

हिंजवडी_फेज_तीन

चेन रूलबद्दल मीही लिहितो. सध्या ज्याची जिकडेतिकडे चर्चा आहे त्या न्यूरल नेटवर्कचं (एआयच्या मुळाशी असलेल्या, थरांवर थर रचलेल्या गणिती जाळ्याचं) शिकणं म्हणजे चेन रूलच, शेवटच्या थरापासून मागे मागे येत लावलेला. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखामुळे ही पद्धत सगळीकडे पोचली. मॅडमची "शेवटची क्रिया आधी" इथे शब्दशः लागू आहे.

सिग्मॉइड नावाचं फंक्शन पूर्वी सर्रास वापरायचे. त्याचा डेरिव्हेटिव्ह स्वतः गुणिले (१ − स्वतः), आणि तो कधीच ०.२५ च्या वर जात नाही. चेन रूलमध्ये हे गुणत जायचे. दहा थर असतील तर ०.२५ चा दहावा घात, म्हणजे साधारण दहा लाखांत एक. सुरुवातीच्या थरांना मग शिकायला काही मिळतच नाही, आणि यासाठी लोकांना दुसरी फंक्शन्स निवडावी लागली. बारावीचा गुणाकार आहे हा, त्यापलीकडे काही नाही.

पेठेतली_पमा

अवांतर: ५० चं वर्गमूळ तोंडी हवंय? ४९ चं ७, आणि वर्गमुळाचा तिथला चढ १ भागिले १४. म्हणून ७.०७१४. कॅल्क्युलेटर ७.०७११ म्हणतो. भाजीवाल्यासमोर उपयोग नाही, पण आनंद फार होतो.

कोथरूडचा_मामा

आज रविवार. भाच्याला शेवटची क्रिया विचारत बसवलं, नियम निवडताना आता एकदाही अडला नाही. नवीन अडचण: ५ मीटरची शिडी भिंतीला टेकली आहे, पाया भिंतीपासून सेकंदाला १ मीटर सरकतोय. पाया ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? त्याने लगेच क्ष = ३, य = ४ टाकलं आणि म्हणाला, सगळे आकडे स्थिर आहेत, डेरिव्हेटिव्ह शून्य. पेपर बरोबर वाटतो आणि उत्तर उघड चूक. त्याला काय सांगू?

निवृत्त_गणितवाली

त्याला सांगा, जे बदलतंय त्याला अक्षर, जे बदलत नाही त्यालाच आकडा. शिडीची लांबी बदलत नाही, म्हणून ५ लगेच लिहायचा. क्ष आणि य सरकताहेत, त्यांना डिफरन्शिएट करेपर्यंत हात लावायचा नाही.

क्ष² + य² = २५. दोन्ही बाजू वेळेच्या संदर्भात डिफरन्शिएट केल्या की यचा वेग = −(क्ष ÷ य) × क्षचा वेग. आता टाका ३ आणि ४. उत्तर सेकंदाला पाऊण मीटर, खाली. उणे चिन्हाचा अर्थ त्याच्याकडून वाक्यात लिहून घ्या.

मग विचारा, पाया ४ मीटरवर असताना किती? सेकंदाला एक पूर्णांक एक तृतीयांश मीटर. पाया तोच वेग ठेवून सरकतोय आणि वरचं टोक मात्र वेग वाढवत खाली येतंय.

चाकण_स्टोअर्स

आणि ५ मीटरच्या अगदी जवळ? य शून्याकडे गेला की वेग अमर्याद होतो. खरी शिडी असं काही करत नाही.

रेडियन

कारण खरी शिडी त्याआधीच भिंत सोडते. क्ष² + य² = २५ हे समीकरण टोक भिंतीला टेकलेलं आहे तोवरच लागू. भाच्याला हेही सांगा, गणित कुठपर्यंत खरं आहे ते कळतं.

अनघा_सिंहगडरोड

"कुठपर्यंत खरं" वरून एक राहवत नाहीये. साइन इन्व्हर्स (२क्ष ÷ (१ + क्ष²)) दिसलं की क्ष = टॅन थीटा ठेवा, उत्तर २ ÷ (१ + क्ष²), असं सगळीकडे पाठ करून घेतात. क्ष १ पेक्षा मोठा असेल तर ते चूक आहे. क्ष = २ टाका, कंसात ०.८ येतो. क्ष = ३ टाका, ०.६ येतो. फंक्शन खाली उतरतंय आणि आपण चढ धन सांगतोय! तिथे उत्तर उणे चिन्हासह येतं. प्रश्नात क्षची मर्यादा दिली आहे का, ते आधी बघा.

घड्याळ_लावून

ताई, हे आजच सरांना विचारतो.

मॅडम, माझी एक शंका. कमाल-किमान काढताना दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य आला की "कमालही नाही, किमानही नाही" हा पर्याय टिक करायचा, असं आमच्या बॅचमध्ये चालतं. बरोबर आहे का?

निवृत्त_गणितवाली

नाही. दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य म्हणजे ती चाचणी गप्प बसली, एवढंच. क्ष⁴, −क्ष⁴ आणि क्ष³ घे. तिन्हींचे दोन्ही डेरिव्हेटिव्ह क्ष = ० ला शून्य. पहिल्याला तिथे किमान आहे, दुसऱ्याला कमाल, तिसऱ्याला काहीच नाही. अशा वेळी पहिल्या डेरिव्हेटिव्हकडे परत जा आणि त्या बिंदूच्या डावी-उजवीकडे त्याचं चिन्ह बघ. उणेवरून अधिक झालं तर किमान, अधिकवरून उणे झालं तर कमाल, बदललंच नाही तर दोन्ही नाही.

आणि अंतराल बंद असेल (म्हणजे दोन्ही टोकं धरून) तर टोकं तपासल्याशिवाय पर्याय निवडू नकोस. क्ष³ − ३क्ष, ० ते ३ मध्ये. डेरिव्हेटिव्ह फक्त क्ष = १ ला शून्य होतो आणि तिथे किंमत −२, ती किमान. कमाल मात्र १८ आहे, क्ष = ३ ला, आणि तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य नाही, २४ आहे.